आमदारांच्या दोन ओळींच्या पानांवर तोंडसुख घेणाऱ्यांसाठी

तळटीपवाला

परवा इथेच एका सदस्याने लिहिलं की मराठी विकिपीडियावर आमदार आणि मतदारसंघांच्या पानांचा नुसता कचरा साचलाय. दोन ओळी आणि एक तक्ता याला ज्ञानकोश म्हणत नाहीत, निकाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतातच, तेव्हा ही पानं सरळ उडवावीत. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते मारुतीच्या शेपटासारखं लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

तर साहेब, आयोगाच्या संकेतस्थळावर काय असतं? कोणाला किती मतं पडली. बास. अंधेरी पूर्वचं उदाहरण घ्या. मे २०२२ मध्ये रमेश लटके गेले, जागा रिकामी झाली, ऑक्टोबरमध्ये आयोगाने धनुष्यबाण गोठवलं, ऋतुजा लटके मशालीवर उभ्या राहिल्या, भाजपच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि नोव्हेंबरच्या मतमोजणीत 'नोटा'ला १२,८०६ मतं पडली. विजयी उमेदवाराच्या खालोखाल नोटा! आयोगाच्या तक्त्यात ही एक निमूट ओळ आहे. ती तिथे का आली हे मराठीत, एका जागी, संदर्भासकट कुठे वाचायला मिळेल? तुम्ही उडवायला निघालात त्याच पानावर.

दुसरं, गायब झालेले मतदारसंघ. छगन भुजबळ १९८५ आणि १९९० ला माझगावमधून निवडून आले. आज माझगाव नावाचा मतदारसंघ शोधून दाखवा. २००८ च्या पुनर्रचनेत माझगाव, उमरखाडी, ऑपेरा हाउस सगळे गेले. तिथला मतदार आज कुठल्या मतदारसंघात मोडतो, हे जुळवायला कोणीतरी राजपत्र उघडून बसतो, बिनपगारी. त्याच्या कामाला कचरा म्हणायचं असेल तर आधी स्वतः एक पान नीट करून दाखवा.

अनामत जप्त

तो सदस्य मीच. नाव घ्यायला लाजायचं कारण नव्हतं.

तुम्ही अंधेरी पूर्व निवडलंत, कारण ते पान बरं आहे. २८८ पैकी अशी किती? कुठलंही आडबाजूचं पान उघडा. 'विद्यमान आमदार' म्हणून ज्याचं नाव आहे तो गेल्या विधानसभेतला निघतो. २००९ चा तक्ता भरलेला, २०१४ चा अर्धा, २०१९ च्या जागी 'माहिती उपलब्ध नाही'. सांगकाम्याने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, एका रात्रीत पानं पाडायची, लेखसंख्या फुगली म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि नंतर कोणी फिरकायचं नाही. चुकीचं पान असण्यापेक्षा पान नसलेलं बरं, एवढंच माझं म्हणणं.

आणि जिथे कोणी फिरकतं, तिथे कोण फिरकतं ते बघा. निवडणूक सहा महिन्यांवर आली की नवीन आयडी उगवतात. 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष', 'सर्वसामान्यांचा बुलंद आवाज'. चौकातला फ्लेक्स जसाच्या तसा पानाच्या कडेच्या माहितीचौकटीत. छायाचित्रात साहेब कमरेवर हात ठेवून उभे. हा तुमचा ज्ञानकोश.

वैनगंगा

'कार्यसम्राट' काढण्याचं काम मी करते, त्यामुळे त्यावर जरा अधिकाराने बोलते. पान असतं म्हणून ते काढता येतं. पान उडवलं की कार्यकर्ता तेच सगळं तालुक्याच्या किंवा गावाच्या पानावर घुसडतो, आणि तिथे ते महिनोन् महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. मतदारसंघाचं पान निदान माझ्या निरीक्षणसूचीत असतं, बदल झाला की मला दिसतो.

जुन्या तक्त्यांबद्दल मात्र अनामत जप्त यांचं बरोबर आहे. आमच्या साकोलीत २०२४ चा निकाल २०८ मतांनी लागला, मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. अशा ठिकाणी एक अंक इकडचा तिकडे झाला की अख्खा निकाल फिरतो. संदर्भाशिवाय आकडा टाकणाऱ्याला मी तरी दयामाया दाखवत नाही.

निवृत्त केंद्राध्यक्ष

तुम्ही मंडळी आकडे 'भरता'. ते तयार कोण करतं, याचा विचार कोणी करतो का? आयुष्यभर शिक्षकी केली आणि प्रत्येक निवडणुकीला बूथवर गेलो. पहाटे उठून प्रतिनिधींसमोर अभिरूप (चाचणी) मतदान घ्यायचं, किमान ५० मतं. ती यंत्रातून पुसायची, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून वेगळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या, मग खरं मतदान. संध्याकाळी नमुना १७-क, म्हणजे नोंदलेल्या मतांचा हिशेब, भरून प्रत्येक प्रतिनिधीला प्रत द्यायची. आणि एक मत जुळत नाही! एका आजोबांनी नोंदवहीत सही केली, शाई लावून घेतली आणि 'मला कोणालाच द्यायचं नाही' म्हणून बटण न दाबता चालते झाले. नोटा आहे म्हटलं तर म्हणाले, तेही नको. नियमात त्याचा शेरा मारायची सोय आहे, मी मारला. तरी साहित्य जमा करताना रात्री मला उभं करून विचारलं, 'गुरुजी, एक मत कुठं गेलं?'

त्या कामाचा भत्ता पुढच्या वर्षी मिळाला, तोही मागे लागून. असो. मुद्दा हा की विकिपीडियावर 'एकूण मतदान' आणि 'एकूण वैध मतं' यांत फरक दिसला की कोणीतरी हुशार तो 'दुरुस्त' करतो. तो दुरुस्त करायचा नसतो. त्यात टपाली मतं असतात, त्यातली बाद झालेली असतात आणि असे आजोबाही असतात.

तळटीपवाला

गुरुजी, तुमचा प्रतिसाद निकालाच्या साच्याच्या (सगळ्या पानांवर वापरायच्या तयार तक्त्याच्या) चर्चा पानावर डकवायला हवा. परवानगी असेल तर टाकतो. नमुना २० मधला, म्हणजे मतमोजणीच्या अंतिम निकालपत्रकातला, आकडा आणि आयोगाच्या सांख्यिकी अहवालातला आकडा वेगळा दिसला की तिथे दरवेळी हाणामारी होते.

गॅलरीतून

सगळे मूळ दुखण्यावर बोलायचं टाळताय. २०१९ च्या निकालाच्या पानावर शिवसेनेच्या ५६ जागा आहेत. कुठली शिवसेना? पक्षाच्या नावावर टिचकी मारली की आज कुठल्या पानावर जातो ते बघा. कोणीतरी गुपचूप दुवा बदललाय. हा इतिहास बदलणं नाही तर काय?

तळटीपवाला

गुपचूप काही नसतं हो, पानाचा इतिहास सगळ्यांना दिसतो. निकालाचं पान निकालाच्या दिवशी गोठतं. २४ ऑक्टोबर २०१९ ला शिवसेना एकच होती, चिन्ह एकच होतं. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. त्या पानावर गटबिट काही येणार नाही. विषय संपला.

गॅलरीतून

विषय संपला म्हणणारे तुम्ही कोण? निकालाचं सोडा. 'चौदाव्या विधानसभेचे सदस्य' या यादीचं काय? तिथे पक्षाच्या स्तंभात प्रत्येकापुढे गट लिहिलाय. कोणत्या तारखेपासून? कोणी ठरवली?

वैनगंगा

हा प्रश्न खरा आहे आणि विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्यात, तो जास्त छळतो. तिथे प्रत्येक आमदाराच्या पदाला मतदारसंघ, विधानसभा, पक्षगट, सुरुवात, शेवट असे तुकडे जोडायचे असतात. गट बदलला तर पहिली नोंद एका तारखेला बंद करून दुसरी उघडायची. ती तारीख कुठली घेणार? ३० जून २०२२, शिंदेंचा शपथविधी? १७ फेब्रुवारी २०२३, आयोगाने नाव आणि चिन्ह दिलं तो दिवस? की १० जानेवारी २०२४, अध्यक्षांचा निर्णय?

अनामत जप्त

मी हेच म्हणत होतो. जे ठरवताच येत नाही ते भरायचा अट्टहास कशाला?

तळटीपवाला

ठरवता येतं. अध्यक्षांनी १० जानेवारीला कोणत्याही बाजूच्या आमदाराला अपात्र केलं नाही. सभागृहाच्या दप्तरी शेवटपर्यंत शिवसेना विधिमंडळ पक्ष एकच. म्हणजे यादीत सगळ्यांपुढे 'शिवसेना'. बाकी सगळं तळटीपेत.

गॅलरीतून

वा! म्हणजे आदित्य ठाकरे आणि एकनाथ शिंदे एकाच पक्षात, असं तुमचं पान सांगणार. शेंबडं पोरही हसेल. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला शिंदे गटाच्या प्रतोदाची नेमणूक बेकायदेशीर ठरवली ते सोयीस्कर विसरलात? कुठल्या शाखेतून लिहिताय ते कळलं.

तळटीपवाला

शाखा काढायची गरज नाही. माझी योगदानं उघडी आहेत, तुमच्या आयडीची एकूण संपादनं किती ते मी इथे लिहीत नाही, सभ्यपणा म्हणून. त्याच निकालात न्यायालयाने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच सोपवला, तेवढा परिच्छेद गाळून वाचायचा असेल तर वाचा. विकिपीडियाने स्वतः निवाडा करायचा नसतो. दप्तर काय म्हणतं ते लिहायचं.

गॅलरीतून

दप्तर काय म्हणतं ते लिहायचं असेल तर अंधेरी पूर्वच्या लटकेंपुढे काय लिहिणार? त्या निवडूनच आल्या 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' या नावावर, मशालीवर. तुमच्या 'एकच पक्ष' सिद्धान्तात त्या बसतात का? तुम्हीच वर त्यांचं कौतुक केलंय. बोला आता.

वैनगंगा

हा बिनतोड आहे. 😀

आणि एक सांगू? बऱ्याच जणांनी ५६ ची विभागणी करून दोन गटांची बेरीज ५६ केलीय. जून २०२२ मध्ये ५६ नव्हतेच, लटके गेल्यामुळे ५५ होते. मी ते उलटवलं तर 'दिल्लीहून आदेश आला का' असा संदेश माझ्या चर्चा पानावर. आणि ज्याने लिहिला त्यानेच आदल्या आठवड्यात मला 'मातोश्रीची पगारी' म्हटलं होतं.

तळटीपवाला

ठीक आहे, लटकेंपुढे त्यांनी ज्या नावावर निवडणूक लढवली तेच लिहू. अपवाद एक. त्यावरून बाकीची यादी फाडायची नाही.

गॅलरीतून

अपवाद 'एक' कसा? जुलै २०२३ नंतरच्या राष्ट्रवादीचं तुम्ही काय करणार ते ऐकायचंय.

बिंदुसरा

तुमचं शिंदे-ठाकरे चालू द्या, पण मराठवाड्याच्या माणसाला दोन शब्द बोलू द्याल का?

आमचे आजोबा १९५२ ला आमदार होते. हैदराबादच्या विधानसभेत, १७५ जणांच्या. मतदारसंघ द्विसदस्यीय, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोघं निवडून आलेले. मी पान लिहिलं. पहिला शेरा आला: 'महाराष्ट्राच्या आमदारांच्या यादीत नाव आढळत नाही, उल्लेखनीयता सिद्ध करा.' अहो, महाराष्ट्रच १९६० चा! १९५२ ला आम्ही हैदराबादेत, विदर्भ मध्य प्रदेशात, आणि मुंबई राज्याच्या ३१५ जणांत गुजरातचेही बसलेले. पान गेलं. घरात जुना पेटारा आहे, त्यात त्यांचं ओळखपत्र आणि एक पिवळा पडलेला गटफोटो आहे, पण तो 'संदर्भ' होत नाही म्हणतात. आणि कालपरवा निवडून आलेल्याचं पान शपथविधीच्या आधी तयार.

अनामत जप्त

हे मात्र चीड आणणारं आहे. मी इतका वेळ ज्या पानांवर टीका करतोय त्यांच्यात हे पान नाही, हे नोंदवून ठेवा.

तळटीपवाला

बिंदुसरा, आयोगाचा हैदराबादचा १९५१ चा सांख्यिकी अहवाल आहे. त्यात मतदारसंघवार सगळे उमेदवार आहेत. इंग्रजी स्पेलिंगं धन्य आहेत, नाव पटकन सापडणार नाही, मतदारसंघावरून जा. त्या एका संदर्भावर पान परत आणता येतं. राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य उल्लेखनीय असतोच, मग ते राज्य आज असो वा नसो. ज्याने उडवलं त्याला हे माहीत असायला हवं होतं.

अडचण पुढेच आहे. आपला निकालाचा साचा एकच विजेता धरून बनवलाय. दुसऱ्याला तो 'पराभूत' दाखवतो.

बिंदुसरा

म्हणजे पान परत आणलं तर आजोबा हरलेले दिसणार. उत्तम.

वैनगंगा

साचा मी बघते. १९६१ ला द्विसदस्यीय मतदारसंघ कायद्याने बंद झाले, त्यामुळे १९५२ आणि १९५७ पुरतीच पंचाईत आहे. आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करून दाखवते. तुम्ही फक्त तो अहवाल उघडून मतदारसंघाचं नाव द्या.

निवृत्त केंद्राध्यक्ष

पोरांनो, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची आणि पेटीवर चिन्ह डकवलेलं. आमचे वडील सांगायचे. हेही लिहा कुठेतरी.

अनामत जप्त

बरं. 'उडवा' हा शब्द मागे घेतो, पण एका अटीवर. माहितीचौकटीतून 'विद्यमान' हा प्रकार हद्दपार करा. नावापुढे 'निवड २०२४' एवढंच लिहा. ते पन्नास वर्षांनीही खरं राहील आणि दर पाच वर्षांनी २८८ पानं शिळी होणार नाहीत. तुम्हा थोर संपादकांना हे इतकी वर्षं सुचलं नाही याचं नवल वाटतं.

तळटीपवाला

सुचलं होतं. तेव्हा विरोध करणाऱ्यांत तुमचा आयडी होता. दुवा देऊ?

अनामत जप्त

द्या. तेव्हाच्या मसुद्यात मतांची टक्केवारीही काढून टाकणार होतात, विरोध त्याला होता. पूर्ण वाचत जा.

गॅलरीतून

राष्ट्रवादीचं उत्तर अजून आलेलं नाही.

तळटीपवाला

आयोगाचा निर्णय ६ फेब्रुवारी २०२४, अध्यक्षांचा १५ फेब्रुवारी, तिथेही कोणी अपात्र नाही. त्यामुळे उत्तर तेच: स्तंभात 'राष्ट्रवादी', बाकी तळटीप. पटत नसेल तर चर्चा पानावर कौल लावा, मी तिथे येईन. इथे येणार नाही.

गॅलरीतून

लावतो. आणि तुम्ही तो हरणार.

वैनगंगा

कौल लागेपर्यंत कोणाला रिकामा वेळ असेल तर विधान परिषदेचं पान बघा. ७८ जागा, पाच वाटांनी येणारे सदस्य, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त, शिवाय पसंतिक्रमाची मतमोजणी, तिथे आपला तक्ता साफ झोपतो. पदवीधरांच्या ७ आणि शिक्षकांच्या ७ मी घेते. आमदारांकडून निवडून येणाऱ्या ३० अनामत जप्त यांनी घ्याव्यात, म्हणजे शिळी पानं म्हणजे काय ते रोज कळेल. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या २२ गुरुजींना. राज्यपालनियुक्त १२ उरल्या, त्या तळटीपवाला आणि गॅलरीतून यांना जोडीने.