सॅम स्मिथ गातो, गाते की गातात?

परवा भाचीच्या खोलीत गाणं लागलं होतं. मी विचारलं, "कोण गातोय गं हा?" ती म्हणाली, "मावशी, 'गातोय' नको म्हणूस. हा सॅम स्मिथचा आवाज आहे." मग काय म्हणू, गातंय? "गातंय काय, मांजर आहे का ते!" शेवटी तिनेच सुचवलं, "आवाज कुणाचा, असं विचार ना." तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

ब्रिटिश गायक म्हणून ओळख असलेल्या सॅम स्मिथ यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं, की आपल्याला इंग्रजीत 'ही' (he) न म्हणता 'दे' (they) म्हणावं. त्याच महिन्यात मेरियम-वेबस्टर कोशात 'दे'चा हा एकवचनी, नॉन-बायनरी (म्हणजे स्वतःला निव्वळ पुरुष किंवा निव्वळ स्त्री न मानणाऱ्या) व्यक्तीसाठीचा अर्थ दाखल झाला आणि डिसेंबरात तो त्यांचा वर्षाचा शब्द ठरला. हे सगळं एका व्यक्तीमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण व्याकरणाच्या पुस्तकाकडे ढुंकूनही न पाहणारी पोरं आवडत्या आवाजासाठी सर्वनाम बदलतात, हे मी घरातच पाहिलं. 'लिंगभाव' हा शब्द तिने कधी ऐकला नसेल, पण त्यामागचा मान तिला कळतो.

मराठीत 'दे'ला 'ते' केलं की काम बिघडतं. आदरार्थी 'ते' म्हणजे पुरुषच डोळ्यांपुढे येतो. नपुंसकलिंग तर मुळीच नको. ते लेकराला किंवा वासराला शोभतं, मोठ्या माणसाला वापरलं तर हिणवणं होतं.

पण नीट पाहिलं तर आपल्याकडे वाट आहे. 'बाबा गातात', 'सासूबाई गातात': क्रियापद एकच! 'गातील'चंही तेच. 'त्यांनी, त्यांना, त्यांचं' यांतही लिंग दिसत नाही. 'सॅम यांनी पुरस्कार स्वीकारला' यात क्रियापद पुरस्काराच्या मागे जातं, सॅमच्या नाही. अडतं फक्त 'ते/त्या' आणि 'आले/आल्या' इथे. तिथे मी नाव घेते आणि वाक्य फिरवते: 'सॅम मंचावर आले' ऐवजी 'सॅम यांनी मंचावर पाऊल ठेवलं'. 'गायक/गायिका'च्या जागी 'कलावंत' चालतो. कुणाला 'आले'साठी काही बरं सुचतंय का?

प्रतिसाद: 'आले'ला माझ्याकडेही उत्तर नाही. पण तुम्ही तृतीय पुरुषावर थांबलात. मी कोल्हापूरची. आमच्याकडे मुली सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वर्गात हसले होते सगळे, आणि महिनाभरात मी 'आले' म्हणायला लागले. आता घरी गेले की पुन्हा 'आलो'. त्यामुळे स्वतःसाठी कुठलं रूप वापरायचं हे कुणी दुसऱ्याने ठरवलं की कसं टोचतं, ते मला ठाऊक आहे. सॅमबद्दल लिहिताना मी 'गातात'च लिहीन.