स्टेरॉईड लागू पडेल का, हे रिसेप्टर बघून आधीच का नाही ठरवत?

वैतागलेलं_आतडं :
मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, सहा वर्षं झाली. गेल्या फ्लेअरला (आजार उसळला तेव्हा) प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड ४० मिलीग्रॅम सुरू केलं, दोन आठवडे रक्त जायचं थांबेना, वर तोंड सुजून गोल गरगरीत, पहाटे तीनला टक्क जागा आणि घरच्यांवर विनाकारण खेकसणं. शेवटी इन्फ्लिक्सिमॅबवर (दाह दाबणारं दुसऱ्या प्रकारचं औषध) गेलो तेव्हा कुठे बरं वाटलं. नंतर वाचायला बसलो तर कळलं की स्टेरॉईड पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर नावाच्या, स्टेरॉईड पकडणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, मग ती जोडी केंद्रकात जाऊन दाह पेटवणारी जनुकं गप्प करते. पण हा नेहमीचा रिसेप्टर म्हणजे अल्फा, त्याचा बीटा नावाचा एक भाऊ आहे, तो स्टेरॉईडला धरतच नाही, उलट अल्फाच्या कामात आडवा येतो. २००० साली जपानी संशोधकांना स्टेरॉईडला दाद न देणाऱ्या कोलायटिसवाल्यांच्या लिम्फोसाइट्समध्ये (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हा बीटा बहुतेकांत सापडला, दाद देणाऱ्यांत क्वचित. मग आधी रक्त तपासा ना! माझे दोन आठवडे का जाळले?

तिसरा_दिवस :
दोन आठवडे जाळले ते वाट बघणाऱ्यांनी, रिसेप्टरचा काय दोष त्यात. सिव्हिअर अटॅकमध्ये शिरेतून स्टेरॉईड दिल्यावर तिसऱ्या दिवशी हिशेब करायचा, ही ऑक्सफर्डची १९९६ ची मोजणी आहे. दिवसाला आठपेक्षा जास्त जुलाब, किंवा तीन ते आठ आणि सीआरपी (रक्तातला दाहाचा आकडा) ४५ च्या वर, तर त्यातल्या ८५ टक्के लोकांचं मोठं आतडं त्याच भरतीत काढावं लागलं होतं. अर्थात तेव्हा इन्फ्लिक्सिमॅब नव्हतं. पण त्याला लागतं काय? एक वही आणि एक साधी रक्ततपासणी. माझ्या बहिणीच्या वेळी मी रात्रभर बाथरूमच्या दाराशी वही घेऊन बसले होते, वेळ, रक्त आहे का, किती, सगळं टिपून. सकाळी राऊंडला डॉक्टरांनी आधी तीच मागितली.

वैतागलेलं_आतडं :
वही चांगलीच आहे पण ती स्टेरॉईड पोटात गेल्यावरची झाली, मी आधीचं विचारतोय. लिम्फोसाइट्स काचेत वाढवून स्टेरॉईडने किती दबतात ते बघायची टेस्टही लोकांनी करून बघितली आहे आणि निकालाशी जुळलीही.

पिपेटवाला :
लॅबमध्ये असतो म्हणून सांगतो, त्या पेशी वाढवून उत्तर यायला दोन-तीन दिवस सहज जातात. म्हणजे तुमची 'आधीची' टेस्ट आणि ताईंची वही एकाच सकाळी हातात येणार 😄 शिवाय स्टेरॉईड सुरू झालं की पेशी रिसेप्टर स्वतःच कमी करतात, त्यामुळे रक्त कधी घेतलं यावर आकडा हलतो, आणि रक्तातली पेशी म्हणजे आतड्यातली पेशी नव्हे. बीटाही अल्फाच्या मानाने फारच थोडा असतो, तेवढ्याने अल्फा कसा काय अडतो यावर अजून वाद आहे. आणि रिसेप्टर ठणठणीत असूनही औषध हरतं! पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप स्टेरॉईड पेशीबाहेर फेकतो, कधी आतड्यात सीएमव्ही हा विषाणू किंवा सी-डिफ हा जिवाणू बसलेला असतो आणि आपण बिचाऱ्या रिसेप्टरला शिव्या घालतो.

पाचवर_अडकलेली :
माझं वेगळंच. मला स्टेरॉईड मस्त लागू पडतं, पण डोस पाच मिलीग्रॅमच्या खाली गेला की त्रास परत सुरू. रिसेप्टर नीट आहेत म्हणूनच अडकलेय ना मी? अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीच्या २००१ च्या अभ्यासात महिन्याभराने अजिबात दाद न देणारे कोलायटिसवाले १६ टक्केच होते, पण वर्षाअखेर २२ टक्के स्टेरॉईडवर अवलंबून आणि २९ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं. आम्हा २२ टक्क्यांना तुमची टेस्ट 'पास' करणार आणि आम्ही स्टेरॉईड खात हाडं झिजवत बसणार.

वैतागलेलं_आतडं :
हा मुद्दा मी धरलाच नव्हता. तरी हट्ट सोडत नाही, निदान ज्यांना एकदा फेल गेलंय त्यांना पुढच्या फ्लेअरला परत तेच देऊ नये.

तिसरा_दिवस :
त्याला टेस्ट कशाला, जुनी फाईल उघडली तरी पुरे. आणि वाचणाऱ्यांनो, हे वाचून गोळ्या एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, कॉर्टिसॉल, झोपलेलं असतं, चक्कर येऊन पडाल.

नवीन_पेशंट :
ताई, तो तिसरा दिवस भरती झाल्यापासून धरायचा की पहिल्या इंजेक्शनपासून?

तिसरा_दिवस :
पहिल्या इंजेक्शनपासून. वहीवर वेळ लिहून ठेव.