मदत हवी आहे: फोनला हात न लावता मराठीत बोलून रोजनिशी

मंडळी, रंकाळ्यावर सकाळी चालताना फोन खिशातच ठेवून रोजनिशी बोलायची आहे. अँड्रॉइड फोन, ब्लूटूथ हेडसेट. कीबोर्डचं व्हॉइस टायपिंग जरा थांबलं की बंद पडतं, आणि विचार करताना माणूस थांबणारच! म्हणून आधी आवाज रेकॉर्ड करून मजकूर नंतर काढणं बरं. मोनो (एकाच चॅनेलचा आवाज), ३२ केबीपीएसला (सेकंदाला ३२ किलोबिट) १० मिनिटांचे जेमतेम २.४ एमबी होतात. रेकॉर्डिंग ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढलेत, माइकची परवानगीही दिली आहे. अडतं ते सुरुवातीलाच: अँड्रॉइड ११ पासून बॅकग्राउंडमधून, म्हणजे ॲप स्क्रीनवर उघडं नसताना, सुरू झालेल्या त्याच्या सेवेला सहसा माइक मिळत नाही, म्हणून लॉक स्क्रीनवर रेकॉर्डिंग कोरं निघतं. हेडसेटच्या बटणावर चालू-बंद होणारं, तारखेनुसार फाइल ठेवणारं ॲप कुणी वापरतंय का? वाऱ्याच्या घोंघाटासाठी स्पंज लावलेला कॉलर माइक पुरेल का, तेही सांगा.