शत्रूही माझ्याबरोबर वाढणार असेल, तर मी वाढलो कुठे?

रापणकार (मालवण):

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. मामाची बोट वर ओढून शाकारली की पावसाचे दोन महिने माझे. यंदा ते 'ऑब्लिव्हियन'ला दिले, २००६ चा मूळ व्हिडिओ गेम. जंगलं, पडके किल्ले, भुयारं, सगळं मनात भरलं. आणि एका संध्याकाळी मन उडालं.

सुरुवातीला वाटेवरचे दरोडेखोर केसाळ कातड्याच्या नाहीतर चामड्याच्या चिलखतात असतात. माझी लेव्हल (खेळताना चढत जाणारी पायरी) विशीच्या पुढे गेली आणि तेच दरोडेखोर ग्लासच्या भारी चिलखतात उभे. जड चिलखतवाले मरॉडर तर डेड्रिकमध्ये. त्या जगात डेड्रिक म्हणजे दंतकथेतली वस्तू. ती मिळवायला मी रात्री जागवल्या, आणि इथे आडवाटेवरच्या लुटारूच्या अंगावर ती सहज चढलेली. जिथे जावं तिथे माझ्याच मापाचा शत्रू.

मी पहिल्यांदा बोटीवर गेलो तेव्हा जाळं ओढताना तळहात सोलून निघायचे. तिसऱ्या वर्षी जाळं तेच होतं, वजन तेच होतं, हात तयार झाले होते. माझ्याबरोबर जाळंही जड होत गेलं असतं, तर मी काही शिकलोय हे मला कळलंच नसतं.

'एल्डन रिंग'मध्ये (२०२२) सुरुवातीच्या गुहेतून बाहेर पडलात की समोरच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो, ट्री सेंटिनल. मी मेलो, परत मेलो, शेवटी त्याला वळसा घालून निघून गेलो. बऱ्याच दिवसांनी घोडा आणि बरी तलवार घेऊन परतलो. तो तसूभर बदलला नव्हता. त्या दिवशी जो आनंद झाला, तो ऑब्लिव्हियनच्या शंभर तासांत एकदाही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शत्रूची ताकद जागेवरून ठरावी, खेळणाऱ्याच्या लेव्हलवरून नाही.

खाडीकाठची (चिपळूण):

अजिबात पटलं नाही.

दादा, तुमच्याकडे सलग दोन महिने आहेत. मी दवाखान्यातून सातला घरी येते, मुलगी झोपली की तासभर मिळतो. त्या तासात मला जिथे जावंसं वाटेल तिथे जायचंय.

'विचर ३' (२०१५) खेळताना मी वेलेन हा मुलूख अर्धवट सोडून स्केलिगेला गेले. बेटाबेटांमधून होडी हाकण्यात दीड महिना कसा गेला कळलं नाही. परत आले तर वेलेनमधल्या उरलेल्या क्वेस्ट, म्हणजे कामगिऱ्या, यादीत राखाडी झालेल्या. अनुभवाचे गुण जवळपास शून्य. तेही चाललं असतं, पण एका गावात लोक राक्षसाच्या भीतीने दारं लावून बसलेत, म्हातारा रडत सगळं सांगतोय, मी जाते आणि दोन वारात तो राक्षस आडवा. लिहिणाऱ्याने जीव ओतून उभी केलेली भीती फुकट गेली. मग सेटिंगमध्ये शत्रूंना माझ्या लेव्हलपर्यंत आणण्याचा पर्याय सापडला. तो सुरू केला आणि पुढच्या गावात पुन्हा ढाल सांभाळून पावलं टाकावी लागली. (त्यातल्या नायकाकडे, जेराल्टकडे, ढाल नसते हो, क्वेन नावाची मंत्राची ढाल म्हणतेय.)

न बदलणारं जग 'कुठेही जा' म्हणतं, पण आधी हे, मग ते, असा क्रम ठरलेलाच असतो. तो मोडला की एकतर तुम्ही मरता, नाहीतर गोष्ट मरते.

कुडाळकर:

माका ताईंचा पटाक नाय. 'न्यू व्हेगास' (२०१०) खेळून बघा. गुडस्प्रिंग्सच्या टेकडीवरसून शहराचो मनोरो दिसता, सरळ वाट उत्तरेक, जवळची. पण त्या वाटेर खाणीत डेथक्लॉ नावाची राक्षशी जनावरां. स्लोनमधले कामगार आधीच सांगतत, फुडे जाव नको. म्हणान प्रिम, निप्टन, नोव्हॅक असो मोठो वळसो. गणपतीपुळ्याक नवखो माणूस पाण्यात फुडे जाव लागलो की गावातलो माणूस आरडता, तसाच ता. धोको खरो आसा म्हणान त्या सांगण्याक किंमत. आणि लपानछपान सरळ वाटेन जाणारे पण आसत, त्यांका गेम अडवणा नाय.

कलमवाला (देवगड):

ऑब्लिव्हियन मी तीनदा खेळलोय, म्हणून सांगतो, रापणकार, तुमचा राग रास्त आहे, पण शत्रू वाढतात एवढाच त्यातला दोष नाही. ते कशावरून वाढतात ते बघा.

त्यात सात मुख्य कौशल्यं निवडायची. त्यांत मिळून दहा वाढी झाल्या आणि गेममध्ये तुम्ही झोपलात की लेव्हल वाढली. शत्रू फक्त ती लेव्हल बघतात. मी पहिल्या वेळी संभाषण आणि व्यापार मुख्य ठेवले. दुकानदारांशी घासाघीस केली, लोकांची मनं वळवली, लेव्हल चढत गेली, आणि बाहेरचा गॉब्लिन माझ्या गोड बोलण्याच्या मापाने दणकट झाला. तलवारीचा हात होता तिथेच. व्यापारी म्हणून खेळणाऱ्याला ही सरळ शिक्षा आहे.

वर गुणांचं गणित. लेव्हल वाढताना ताकद, चपळाई असे तीन गुण निवडायचे. त्यात ताकदीला पूर्ण +५ हवेत, तर त्या लेव्हलमध्ये ताकदीखालच्या कौशल्यांत दहा वाढी झालेल्या हव्यात. माझी अर्धी शाळेची वही या हिशेबाने भरली होती. मुद्दाम न झोपणं, नको ते कौशल्य टाळणं, हेच खेळणं होऊन बसलं. २०२५ च्या नव्या आवृत्तीत दर लेव्हलला १२ पॉइंट मिळतात, ते आपल्या मर्जीने वाटायचे. वही सुटली. शत्रू मात्र अजूनही बरोबरीने चढतात.

मला 'स्कायरिम'चा (२०११) तोडगा आवडतो. तिथे जागांना किमान आणि कमाल लेव्हल आहे, आणि पहिल्यांदा पाय ठेवाल तेव्हाची लेव्हल त्या जागेला चिकटते. शिवाय व्हाइटरन शहराबाहेरचे जायंट पहिल्या दिवसापासून तेवढेच बलवान, एका फटक्यात तुम्ही आभाळात. जग थोडं तुमच्याबरोबर हलतं, पण सगळं नाही.

रापणकार (मालवण):

कलमवाले, वहीचं शंभर टक्के मान्य. मीही गेममध्ये झोपायचं टाळत होतो, त्याचं कारण आत्ता नीट कळलं.

ताई, राखाडी क्वेस्टचंही पटलं. पण मला वाटतं, तो दोष जग न बदलण्याचा नाही, आकड्यांमधल्या दरीचा आहे. विचरमध्ये पाच-सहा लेव्हलचा फरक पडला की लढाई संपल्यातच जमा, इकडून नाहीतर तिकडून. एल्डन रिंगमध्ये सुरुवातीचा साधा शिपाईसुद्धा गाफील राहिलात तर शेवटपर्यंत मारतो, आणि लेव्हल १ वर राहून गेम पूर्ण करणारेही आहेत. दरी लहान ठेवा, मग शत्रू जागच्या जागी राहिले तरी तुमचा म्हातारा उगाच रडला असं होणार नाही.

खाडीकाठची (चिपळूण):

दरीचा मुद्दा चांगला आहे. यावर विचार केला नव्हता.

तुमच्या त्या सोनेरी स्वारापाशी मीही नऊ संध्याकाळी घालवल्या. तुमच्यासाठी नऊ संध्याकाळी म्हणजे एक पावसाळी दिवस, माझ्यासाठी दोन आठवडे. दहाव्या संध्याकाळी घोडा वळवला आणि दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलाला गेले. अजून तिथेच आहे. मुलीची सहामाही संपली की त्याच्याकडे परत जाईन, तुम्ही म्हणता तो आनंद मला बघायचाय. विचरमधला तो पर्याय मात्र सुरूच राहील.