नाशिकला गंगेजवळ (म्हणजे आपल्या गोदावरीजवळ) तळमजल्यावर भाड्याने आलोय, पुरासाठी पिशवी कशी भरायची?

दहीपुलाचा_भाडेकरू:
मंडळी, मागच्या महिन्यात सातपूरहून दहीपुलाजवळच्या एका वाड्यात तळमजल्यावर राहायला आलो. भाडं एवढं कमी का, ते आता कळतंय. भिंतीला नवा रंग दिलाय, पण कमरेच्या उंचीवर आतून डाग उमटतोय. घरमालक सहज म्हणाले, "ते होय, २०१६ च्या पुराचं पाणी." घरात आम्ही दोघं, तीन वर्षांची मुलगी आणि आई (रोज इन्सुलिन). इंटरनेटवरच्या याद्यांत शिट्टी, तंबू, होकायंत्र असलं काय काय आहे. रविवार कारंजावर मी होकायंत्र काढून काय बघू? ज्यांनी पूर पाहिलाय त्यांनी सांगा, खरंच काय लागतं?

सिडकोकर:
तयार किट ऑनलाइन मिळतं. मी घेतलंय. अजून उघडलं नाही.

भांडीबाजार_काकू:
शिट्टीला हसू नका, ठेवाच. पाण्याच्या आवाजात हाका मारून घसा बसतो, वरच्या मजल्यावर ऐकू जात नाही.

२००८ च्या सप्टेंबरात आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा आमची तयारी म्हणजे पलंगाखालची लोखंडी ट्रंक. खरेदीखत, पासबुकं, सासूबाईंच्या पाटल्या, सगळं तिच्यात. पाणी गुडघ्याला लागल्यावर दोघांनी ओढली, जागची हलेना. किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला आणि सासरे गंगेवर पाणी बघायला गेलेले! गाळ उपसून ट्रंक उघडली तोवर खरेदीखताचा लगदा झाला होता. एकेक पान सुटं करून मी कोमट तव्यावर वाळवलं. शिक्का राहिला, सह्या गेल्या.

तेव्हापासून पिशवीची परीक्षा एकच: एका हाताने उचलून जिना चढता आला पाहिजे. माझा दुसरा हात सासूबाईंच्या दंडाला असतो.

म्हणून पाणी पिशवीत कोंबू नका. माणशी रोजचे ३ लिटर धरले तर तुम्हा चौघांचे तीन दिवसांचे ३६ लिटर, म्हणजे ३६ किलो. पावसाळाभर वरच्या बिऱ्हाडात झाकणाचे दोन कॅन भरून ठेवा, आठवड्याला बदला. पिशवीत दोन बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या. नळाला पाणी आलं तरी ते लगेच पिऊ नका.

बाकी मुलीचे कपडे, बॅटरी आणि सेल (सेल बाहेर काढून ठेवा, आमचे आतच फुटून गळले होते), पॉवर बँक, ओआरएस, सुटे पैसे. नोटा दहा-वीसच्याच हव्यात, त्या दिवसांत पाचशेला कुणी मोड देत नाही. कागदांच्या झेरॉक्स झाकणाच्या डब्यात, मूळ प्रती वरच्या बिऱ्हाडात. खायला राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, गूळ-शेंगदाणे. चिवडा नको. आपला नाशिकचा चिवडा खाल्ला की तांब्याभर पाणी लागतं!

आईंचं इन्सुलिन शेवटच्या क्षणी उचलायचं असतं आणि नेमकं तेच फ्रिजमध्ये विसरतं. पिशवीच्या बंदाला लाल चिंधी बांधा, तशीच फ्रिजच्या दाराला. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, फक्त उन्हात किंवा फार गरम जागी नको. तुमच्या आईंच्या औषधाचं दुकानदाराला एकदा विचारून घ्या. सुया विसरू नका.

दहीपुलाला आणखी एक गोष्ट आहे. गंगा शांत असली तरी मोठ्या पावसात सरस्वती नाल्याचं पाणी तुंबतं. तुम्ही दाराकडे बघत बसाल आणि ते मोरीतून येईल. वाळूची गोणी मोरीच्या तोंडावर ठेवायची, संडासावरही. निघताना मेन स्विच पाडा, पण पाय पाण्यात असतील तर हात लावू नका. सिलिंडर दोरीने बांधा. भरलेलासुद्धा तरंगतो, २०१९ ला आमच्या गल्लीत एक फिरत होता.

म्हसरूळकर:
काकूंना अनुमोदन. निघायचं कधी, तेही ठरवा. बातम्यांत पाण्याच्या विसर्गाचे दोन आकडे येतात, एक वरच्या गंगापूर धरणाचा आणि दुसरा शहरातल्या होळकर पुलाचा, दोन्ही क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. तुम्ही पुलाचा आकडा बघा, त्यात धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणीही येतं.

भांडीबाजार_काकू:
आकडे तुम्ही बघा. आमच्याकडे नदीपात्रातला दुतोंड्या मारुती आहे, त्याच्या मूर्तीवरून पूर मोजतो. त्याच्या गुडघ्याला पाणी म्हटलं की दुकानातला माल वर, कमरेला म्हटलं की आम्ही वर. त्यानंतर सासऱ्यांनाही बघायला सोडत नाही.

दहीपुलाचा_भाडेकरू:
काकू, पिशवी भरली. खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर ९ किलो भरली, जिना चढून पाहिला. चिंध्याही बांधल्या. आई म्हणते, माझी पोथी राहिली.

भांडीबाजार_काकू:
पोथी आजच वर नेऊन ठेवा. पिशवीत त्यांचा जुना चष्मा टाका.