‘मुंबई ब’ मधला ‘ब’ नक्की कशाचा?

रानजाई: जुन्या रेडिओच्या अनाउन्समेंट्स जमवतेय एका छोट्या लेखासाठी. ‘आकाशवाणी मुंबई ब केंद्र, पाचशे सदतीस पूर्णांक सहा दशांश मीटर अर्थात पाचशे अठ्ठावन्न किलोहर्ट्झवर...’ हे आमच्या पिढीला पाढ्यासारखं पाठ, पण यातला ‘ब’ कुणाचा हे कधी विचारलंच नाही. आमच्या घरी समज असा की ब म्हणजे बॉम्बे. पण मग ‘मुंबई बॉम्बे केंद्र’ कोण कशाला म्हणेल? आणि हे मीटर कसले मोजायचे?

गिरगावकर: बॉम्बेचा ब अगदीच हवेतला नाहीये बरं का ताई. केंद्राचा जुना कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची ओळखाक्षरं, व्हीयूबी होता, तसा दिल्लीचा व्हीयूडी, कलकत्त्याचा व्हीयूसी, मद्रासचा व्हीयूएम. त्यातला बी बॉम्बेचाच. पण अनाउन्समेंटमधला ‘ब’ तो नव्हे, तो साधा अ-ब-क मधला. एकाच शहरातून एका वेळी दोन वेगळे कार्यक्रम लावायचे म्हणून दोन वेगळ्या फ्रिक्वेन्स्या, एक अ, एक ब. दिल्ली ब होतं, कोलकाता ब होतं, चेन्नई ब पण होतं, तिथे कुठला आलाय बॉम्बे! आपल्याकडे मराठी मुख्यतः ब वर आणि हिंदी, गुजराती वगैरे अ वर. (मराठीला दुसरा नंबर दिला म्हणून आता इथे भांडण सुरू करू नका, अक्षरं फक्त ओळखायला होती.) नंतर त्यांना नावं मिळाली, अ ची संवादिता आणि ब ची अस्मिता, पण ऐकणारे ब च म्हणत राहिले.

लालकाटा: मीटरचं मी सांगतो, हा आपला प्रांत. मीटर म्हणजे लहरीची लांबी. तीन लाखाला किलोहर्ट्झने भागा, आली. ५५८ ने भागलंत की ५३७.६, मुंबई अ च्या १०४४ ने भागलंत की २८७.४. जुन्या सेटांच्या काचेवर कित्येकदा मीटरच छापलेले असायचे, त्यामुळे निवेदक दोन्ही सांगायचे, ज्याच्या सेटवर जे असेल त्याने ते बघून काटा सरकवावा. त्याआधी किलोहर्ट्झला किलोसायकल्स म्हणायचे, माझे काका शेवटपर्यंत तेच म्हणायचे. आणि एक गंमत, ५५८, १०४४, विविध भारतीचा ११८८, तिन्हींना ९ ने पूर्ण भाग जातो. हा योगायोग नाही. १९७५ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठरलं आणि १९७८ पासून ते लागू झालं.

मीटर म्हणजे एका अर्थी स्टेशनचा पत्ताच. १९४२ मध्ये मुंबईतून चोरून काँग्रेस रेडिओ चालायचा, उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा, त्यावर जागा सांगणं शक्यच नव्हतं, म्हणून ‘४२.३४ मीटरवर, भारतातून कुठूनतरी’ एवढंच सांगायचे. (तो शॉर्ट वेव्ह होता, ब केंद्राशी संबंध नाही, पण आठवलं.)

चाळीतला: एक शंका. तुम्ही सगळे त्याला एएम का म्हणत नाही? आमच्या मुलांच्या तोंडी तर एएम रेडिओच असतं.

लालकाटा: कारण तेव्हा कुणीच म्हणत नव्हतं! बँडचा खटका असायचा त्यावर मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह, बस. अनाउन्समेंटमध्ये फार तर ‘मध्यम लहरी’. एएम हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो एफएम आल्यावर, त्याच्यापासून वेगळं काढायला, आणि तो तसा सैलच आहे, कारण एएम ही लहरीची उंची कमीजास्त करून आवाज पाठवायची पद्धत, आणि शॉर्ट वेव्हसुद्धा एएमच असते. शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन ऐकणाऱ्यांनी जन्मभर एएमच ऐकलं, त्यांना ते कधी कळलं नाही आणि काही बिघडलंही नाही.

पडद्याआड: मूळ प्रश्न ‘ब’ चा असला तरी मला ‘आकाशवाणी’वर बोलायचंय. बऱ्याच जणांना वाटतं की ऑल इंडिया रेडिओचं सरकारने भाषांतर केलं आणि झाली आकाशवाणी. तसं नाही. मुंबईचं स्टेशन सुरू झालं २३ जुलै १९२७ ला, लॉर्ड आयर्विनच्या हस्ते, ते खाजगी कंपनीचं होतं आणि ट्रान्समीटर फक्त दीड किलोवॅटचा. १९३० मध्ये कंपनी बुडाली, सरकारने ताब्यात घेतलं, १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ नाव पडलं. पण ‘आकाशवाणी’ हे त्याच्या आधीच, १९३५ मध्ये म्हैसूरला, गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी काढलेल्या स्टेशनचं नाव होतं. देशभराला ते लागलं पन्नासच्या दशकात, बा. वि. केसकर मंत्री असताना. (हो, फिल्मी गाण्यांवर गदा आणणारे तेच केसकर.)

मराठीत तोवर आकाशवाणी म्हणजे कंसाला झाली ती. देवकीचा आठवा तुला मारील, वगैरे. बोलणारा दिसत नाही, उलट प्रश्न विचारता येत नाही आणि सांगितलेलं खरं मानायचं, त्यामुळे सरकारी रेडिओला हे नाव चपखल बसलं असं माझं मत. आपल्याकडे ‘नभोवाणी’ हा शब्द होता, तो मागे पडला.

गिरगावकर: पूर्ण मागे नाही पडला, ‘नभोनाट्य’ अजून आहे की! रेडिओवरच्या नाटकाला आजही कुणी आकाशनाट्य म्हणणार नाही. छोटं असेल तर श्रुतिका. म्हणजे माध्यमाचं नाव गेलं आणि त्यावरच्या नाटकाचं राहिलं.

आणि ‘आकाशवाणी’ हे आता रेडिओचं नाव नाहीच, एका संस्थेचं आहे. खाजगी एफएमला कुणी आकाशवाणी म्हणतं का? चर्चगेटला टॅक्सीवाल्याला आकाशवाणी सांगितलं तर तो आमदार निवासाला नेऊन सोडेल, त्याचंही नाव तेच. २०२३ पासून तर सरकारनेच ठरवलंय की ऑल इंडिया रेडिओ म्हणायचं नाही, आकाशवाणीच.

रानजाई: वा, एवढं अपेक्षित नव्हतं! अजून एक अडलंय. रेकॉर्डिंगमध्ये ‘आमची ही सभा इथे समाप्त होत आहे’ असं येतं. ही कुठली सभा? कामगार सभेची का?

पडद्याआड: नाही नाही, कामगार सभा हा कार्यक्रम. ही सभा म्हणजे प्रसारणाचा एक सलग तुकडा. दिवसभर सलग रेडिओ नसायचा ना, सकाळची एक सभा, मग मध्ये बंद, मग दुपारची, मग संध्याकाळची. सकाळच्या सभेच्या आधी आकाशवाणीची ती ओळखीची धून वाजायची, शिवरंजनीतली, वॉल्टर कॉफमनची म्हणतात ती. प्रागहून नाझींच्या धास्तीने आलेला ज्यू संगीतकार, मुंबई केंद्रातच पाश्चात्त्य संगीत सांभाळायचा.

तुम्हाला ‘सहक्षेपित’ पण लागेल, दिल्लीच्या बातम्या मुंबईने उचलून लावल्या की ते सहक्षेपण. बोलताना आपण सरळ ‘रिले’ म्हणतो. आणि लेखात उद्घोषक लिहू नका, ते हिंदीतलं, मराठीत निवेदकच.

चाळीतला: आमच्याकडे स्टेशन ‘लागायचं’ आणि ‘उतरायचं’. रात्री सिलोन मध्येच उतरलं की वडील उठून रेडिओचा कान पिळायचे. ‘उतरणं’ अजून कुणाकडे म्हणायचे का?

लालकाटा: आमच्याकडे ‘सरकायचं’. सिलोन सरकलं रे, बघ जरा.