वॉलायच्या गळाला ५१ इंची मस्की लागली, सोडली खरी, पण जगली असेल का?

कृष्णाकाठ_ते_सेंटपॉल

नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा, संगमावर गळ टाकत लहानाचा मोठा झालो, आता बारा वर्षं मिनेसोटात आहे. मागच्या शनिवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मित्राच्या बोटीतून मिल लॅक्स तळ्यावर गेलो होतो, फक्त वॉलाय माशांसाठी. खडकाळ उथळावर नऊ-दहा फूट पाण्यात बुचाखाली जळू लावून बसलो होतो, आठ पौंडी तंगूस, हलकी दांडी. तीन वॉलाय झाले. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला बूच बुडालं, पण झपकन नाही, आधी बाजूला सरकलं आणि मग हळूच खाली गेलं. ओढ दिली तर दगडात अडकल्यासारखं जड. मित्राला म्हटलं बोट जरा मागे घे, गळ अडकलाय, आणि तेवढ्यात रीलमधून तंगूस सरसर जायला लागला आणि थांबेचना.

पंचवीस मिनिटं लागली. पहिल्यांदा बोटीजवळ आली तेव्हा पाण्यात नुसती सावली दिसली, फिकट हिरवट अंगावर गडद पट्टे आणि एवढं मोठं डोकं. मित्र म्हणाला पाईक असेल, मला तेव्हाच वाटलं ही मस्की आहे (पाईकच्याच कुळातला, पण त्याहून मोठा होणारा शिकारी मासा). हातजाळं होतं वॉलायचं, त्यात डोकं आणि थोडं अंग मावलं, बाकी सगळी बाहेर. दोघांनी मिळून कशीबशी आत घेतली. गळ जबड्याच्या कोपऱ्यात अगदी कडेला होता, पक्कड लावताच सुटला. पण ती बोटीतल्या कार्पेटवर आपटत राहिली, टेप लावली तर ५१ इंच, मग मित्र म्हणाला एक फोटो, आणि मी तिला जबड्याला धरून उभी उचलली. सगळं मिळून दोन मिनिटं तरी पाण्याबाहेर होती, कदाचित जास्तच.

पाण्यात सोडली तर पोट वर. तिथेच माझे हातपाय गार पडले. गुडघ्यावर बसून शेपटीच्या मुळाशी धरून ठेवली, दहा-बारा मिनिटं गेली असतील, कल्ले आधी हलतच नव्हते, मग जेमतेम, मग जरा जोरात. शेवटी स्वतःच सरळ झाली, शेपटीचा एक फटका मारला आणि खाली गेली. आम्ही अजून वीस मिनिटं थांबलो, वर काही आली नाही. पाणी ६६ फॅरनहाइट होतं. हाताला तिच्या अंगावरचा चिकट थर घरी येईपर्यंत होता आणि तो तिच्या अंगावरच राहायला हवा होता हे मला नंतर कळलं.

तर विचारायचं हे की जगली असेल का, ही मस्कीच ना (फोटो टाकलाय, जबड्याखालचाही एक आहे), वजन किती असेल, आणि इथले लोक म्हणतात दहा हजार वेळा गळ फेकल्यावर एक मस्की मिळते, मग मला जळूवर कशी काय लागली?

उत्तरेचा_वारा

दादा, आधी मस्कीचं बघू. जबड्याखालचा फोटो मोठा करून बघितला, एका बाजूला सात छिद्रं स्पष्ट दिसतायत. पाईकला एका बाजूला पाच किंवा त्याहून कमी असतात, मस्कीला सहा किंवा जास्त. शिवाय फिकट अंगावर गडद खुणा आणि शेपटीची टोकं अणकुचीदार, पाईकचं उलट असतं, गडद अंगावर फिकट ठिपके आणि गोलसर टोकं. तुमची शंभर टक्के मस्की.

आता जगण्याचं. छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, कारण कधी कधी मासा पोहत जातो आणि नंतर मरतो. पण तुमच्या बाजूने तीन गोष्टी आहेत: पाणी थंड होतं, गळ कडेला होता, म्हणजे कल्ल्याला इजा नाही, आणि ती स्वतःच्या जोराने गेली, तुम्ही ढकलली नाही. हेच जुलैअखेरीस पाणी ८० फॅरनहाइटला टेकलेलं असताना झालं असतं तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. त्या पाण्यात इथले पट्टीचे मस्कीवाले स्वतःहून गळ टाकणं बंद करतात, कारण गरम पाण्यात दमलेली मस्की सावरत नाही.

चुका कुठे झाल्या तेही सांगतो, राग मानू नका. उभी उचलली ही सगळ्यात मोठी. एवढं जड शरीर पाण्याच्या आधाराने वाढलेलं असतं, उभं टांगलं की सगळा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो आणि आतले अवयव ताणले जातात. एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, कल्ल्यांना न लावता, दुसरा पोटाखाली, आणि आडवी, तीही पाच-दहा सेकंद. दुसरी चूक कार्पेट. तो चिकट थर म्हणजे तिचं चिलखत असतं, कोरड्या कार्पेटवर घासून निघतो आणि मग बुरशी धरते.

हलक्या तंगुसावर पंचवीस मिनिटं हा तुमचा दोष नाही, पण पुढच्या वेळी बोट तिच्या मागे न्या. तुम्ही एका जागी उभे राहता आणि ती लांब जाते तेव्हा ओढाओढीत वेळ जातो, बोट जवळ ठेवली तर आठ पौंडातही लवकर आटपतं.

वजनाला घेर लागतो. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००, सगळं इंचात, उत्तर पौंडात. समजा घेर २० असेल तर साडेपंचवीस पौंड, २२ असेल तर जवळजवळ ३१. जूनमध्ये अंडी घालून झालेली असतात, माद्या हडकलेल्या असतात, त्यामुळे मी २० च्या आसपास धरेन. राज्याचा विक्रम तुमच्याच तळ्यातला आहे, ५५ पौंड १४.८ औंस, २२ नोव्हेंबर २०२१, लांबी ५७.७५ इंच. नोव्हेंबरची ती, तलिबी नावाचे मासे खाऊन तुडुंब झालेली. त्याने १९५७ चा ५४ पौंडांचा विक्रम मोडला, आणि ती धरणाऱ्यांनी तिला सोडायचाच प्रयत्न केला होता, बराच वेळ धरून बसले होते, पण ती सावरली नाही. म्हणजे रोज मस्कीच करणाऱ्यांच्या हातूनही हे होतं.

सेंटक्लेअरची_मावशी

अरे बाळा, तू बारा मिनिटं गुडघ्यावर बसलास ना, मग झोप आता शांत.

आम्ही डेट्रॉईटला, सेंट क्लेअर तळं घराजवळ. सगळं तळंच उथळ, सरासरी खोली अकरा फूट, आणि मस्की भरपूर. आम्ही दोघं पर्च धरायला जातो, तळायला पर्चसारखा मासा नाही, रवा लावून केला की मला सौंदाळ्यांची आठवण येते. तर तीन वर्षांपूर्वी हे पर्च वर घेत होते, सात-आठ इंचाचा, आणि बोटीपासून दोन हातांवर पाण्यातून एक जबडा आला आणि पर्च आडवा धरून तिथेच थांबला. गळ पर्चच्या तोंडात, मस्कीला काही लागलेलंच नाही, नुसता हट्ट, सोडायचा नाही म्हणजे नाही. हे ओढतायत, ती ओढतेय, मी तिच्या डोळ्यात बघतेय, पिवळट डोळा, आमच्याकडेच रोखलेला. चार-पाच मिनिटांनी तिने आपणहून तोंड उघडलं आणि गेली. पर्चच्या दोन्ही अंगांवर दातांची रांग होती, शिवणयंत्राने घातल्यासारखी.

त्यामुळे कशी लागली हा प्रश्न मला पडत नाही. तू जिथे वॉलायसाठी बसलास तिथे तीही वॉलायसाठीच आलेली. आणि बघ ना, तळ्यावर वॉलाय, पर्च, क्रॅपी, बासच्या मागे किती माणसं आणि मस्कीच्या मागे किती. एवढे गळ पाण्यात असल्यावर काही तिच्यासमोर जाणारच. दहा हजार वेळा तूही फेकला असशील की, फक्त बारा वर्षांत, आणि दुसऱ्या माशांसाठी.

जाळं मात्र मोठं घे. रबराचा लेप असलेलं, खोल. मासा जाळ्यातच पण पाण्यात ठेवायचा, बोटीच्या कडेला, तिथेच गळ काढायचा, मापायचाही तिथेच, मग घाई होत नाही. आणि लांब नाकाची पक्कड व कटर दोन्ही ठेव, गळ खोल असेल तर काढत बसायचं नाही, सरळ कापायचा.

पंचगंगेचा_पैलवान

कोल्हापुरातनं वाचतोय. एक विचारू का, एवढा मासा सोडता कशाला? आमच्याकडं असला मासा लागला तर गल्लीभर वाटला असता.

उत्तरेचा_वारा

योग्य प्रश्न आहे. एक म्हणजे कायदा. मिनेसोटात ५४ इंचांच्या खालची मस्की ठेवताच येत नाही, आणि हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो. मे महिन्यात वॉलाय चालू असताना चुकून लागली तर लगेच सोडायची, लांबी कितीही असो. दुसरं म्हणजे वय. ५० इंच व्हायला मादीला पंधरा वर्षं तरी जातात, बऱ्याचदा जास्त. तेवढी मोठी मादी अंडीही खूप घालते, आणि कितीतरी तळ्यांमध्ये तर सरकार पिल्लं सोडतं म्हणूनच मस्की आहे. एक जेवण आणि पंधरा वर्षं, मला तरी हा हिशेब कधी जमला नाही. ज्याला भिंतीवर हवी त्याला आता फायबरग्लासची हुबेहूब करून मिळते, लांबी, घेर आणि फोटो एवढंच लागतं. आणि आपल्याकडेही महाड तालुक्यात वाळण कोंडीतल्या खडशी माशांना हात लावत नाहीत की कोणी, तिथे देवीचे म्हणून राखलेत, इथे कायद्याने.

पंचगंगेचा_पैलवान

पटलं. वाळण कोंड बघितलीय मी, चुरमुरे टाकले की हाताएवढाले वर येतात. पंधरा वर्षं हे डोक्यातच नव्हतं.

कृष्णाकाठ_ते_सेंटपॉल

सगळ्यांचे मनापासून आभार, मावशी तुमचं विशेष. वाराकाका, राग कसला, उभी उचलायची नाही हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. फोटोत घेराचा अंदाज घेतला, माझ्या हाताच्या वितीशी ताडून बघितलं, २० च्या जवळपासच येतोय.

काल मित्राशी बोलून मोठं जाळं मागवलं, अर्धे अर्धे पैसे. तो म्हणाला वॉलायच्या बोटीत एवढं जाळं ठेवायचं कुठे, मी म्हटलं बर्फाची पेटी लहान घेऊ. कटर घरात होताच, तो आजच बोटीत टाकला. येत्या शनिवारी त्याच खडकांवर जातोय, वॉलायसाठी. पोहोचल्यावर आधी किनाऱ्याकडेने, वारा वाहतोय त्या बाजूला, एक चक्कर मारणार आहोत, मेली असेल तर तिकडेच लागली असेल. काही दिसलं तरी लिहीन आणि नाही दिसलं तरी लिहीन.

सेंटक्लेअरची_मावशी

लिही नक्की. वाट बघते.